मनाचा आजार कोणाचा?



मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील कबरींमध्ये राहणारा तो माणूस आपल्या परिचयाचा आहे. लोकांनी त्याला बेड्या घातल्या, साखळदंडांनी बांधले. ते तोडून तो रात्रंदिवस ओरडत फिरे. प्रभू येशू त्याला बरे करतो, इथवर आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पुढे काय घडते याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. सुमारे दोन हजार डुकरे पाण्यात बुडाली. तो माणूस शुद्धीवर येऊन, कपडे घालून शांत बसलेला समोर दिसत होता, तरी गावकऱ्यांनी येशूला विनंती केली ती आपल्या हद्दीतून निघून जाण्याची! एक माणूस परत मिळाला याचा आनंद नाही, नुकसानीचा हिशेब मात्र तयार. साखळदंड त्यांना स्वस्त पडत होता.

हा उतारा मला काही वर्षांपासून टोचतो. त्याचे कारण आज सांगतो. संबंधित आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत. ही बाई चार घरची धुणीभांडी करते. तिचा तरुण मुलगा कामावर जायचा बंद झाला. रात्र रात्र झोपेना, एकटाच बोले, आईने दिलेल्या पाण्यात कोणीतरी विष कालवले आहे असे म्हणे. ती माझ्याकडे आली. “फादर, ह्याला कोणी काही केलं असेल का?” मी तिला नऊ बुधवारांची नोव्हेना सांगितली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरी पाठवले. डॉक्टरांचे नावही काढले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला मी! पुढे जवळपास वर्षभराने परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या एका सिस्टरांनी त्याला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. काही आठवड्यांत तो झोपू लागला, जेवू लागला. अशा आजारात उपचार जितके लवकर, तितकी बरे होण्याची शक्यता अधिक, असे डॉक्टर सांगतात. ते वर्ष माझ्या हिशेबी आहे.

प्रार्थना सोडा असे मी म्हणत नाही. क्षयरोग झालेल्यासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि त्याला दवाखान्यातही पाठवतो. मग मनाच्या आजारालाच वेगळा न्याय का? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात अंत झाला. तेथील दर्ग्याच्या कृपेने बरे वाटेल या आशेने घरच्यांनीच त्यांना तिकडे ठेवले होते. त्या घरच्यांना दोष देणे सोपे आहे. पण जवळ डॉक्टर नाही, हातात पैसा नाही आणि शेजारी दार लावून घेतात, अशा वेळी गरीब माणसाने जायचे तरी कुठे?

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. सहाव्या शतकातील बोएथियस या विचारवंताने व्यक्तीची व्याख्या बुद्धियुक्त स्वभावाचे स्वतंत्र अस्तित्व अशी केली. मग ज्याची बुद्धी ढासळली तो व्यक्ती उरतो की नाही? संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारसरणीत उत्तर स्पष्ट आहे. स्वभाव वेगळा आणि त्याचा वापर वेगळा. झोपलेला माणूस विचार करीत नाही म्हणून तो माणूस राहत नाही काय? आजाऱ्याचे मूल्य त्याच्या शहाणपणावर अवलंबून नाही. वर्गात हे मला चटकन पटले होते. दारात उभ्या राहिलेल्या, अंगाला वास येणाऱ्या, मला शिव्या देणाऱ्या मुलापुढे ते पटवून घेणे फार कठीण गेले.

आणि एकदा तो माणूसच आहे असे मानले, की त्याला मिळणारी मदत ही आपली मेहेरबानी राहत नाही. गरिबाला गरजेचे देतो तेव्हा आपण त्याचेच त्याला परत करतो, अशी संत ग्रेगरी महान यांची शिकवण आहे. आपल्या देशाचा कायदाही आता याच दिशेने बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ कार्ड नसले तरी, सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचाराचा हक्क दिला. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

पण मोफत म्हणजे फुकट नव्हे. ही गोष्ट त्या आईने मला शिकवली. रुग्णालयात जायचे म्हणजे दोघांचे गाडीभाडे, दिवसभराची रांग आणि बुडालेला रोज. दोनदा रजा घेतली तर एक घर सुटले. गेल्या पावसाळ्यात तिने एक महिना खाडा केला, गोळ्या संपल्या आणि मुलगा पुन्हा पहिल्यासारखा झाला. उपचार घराजवळ यायला हवेत ते यासाठी. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने स्थानिक लोकांनाच समुपदेशनाचे शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरकारी केंद्रांतील नैराश्याचे व चिंताविकाराचे रुग्ण या मदतीने अधिक प्रमाणात बरे झालेले दिसले. हे समुपदेशक काही मोठे डॉक्टर नव्हते; आपल्यासारखेच गावातले लोक होते.

प्रभू येशूने त्या बऱ्या झालेल्या माणसाला आपल्याबरोबर होडीत घेतले नाही. त्याची तशी इच्छा असूनही त्याला घरी, आपल्या माणसांत पाठवले. म्हणजे ज्या गावाने त्याला बांधले होते, त्याच गावात. गावाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली असणार, असे मला वाटते.

आपल्या धर्मग्रामात पुढील महिन्यापासून तिसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, सिस्टर वाचनालयाच्या खोलीत बसतील. नाव लिहून घेतले जाणार नाही. रुग्णालयात सोबत जाण्यासाठी आतापर्यंत चौघांनी तयारी दाखवली आहे. आणखी चौघे हवेत. गाडीभाडे गरीब निधीतून देता येईल. बुडालेल्या रोजाची भरपाई करावी की नाही यावर मतभेद आहेत. एकदा पायंडा पडला की आवरणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे. माझे मत द्यावी असे आहे. येत्या शुक्रवारी पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय ठेवला आहे. सभागृहाच्या पत्र्यांचा खर्चही त्याच सभेत ठरायचा आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू