भोग की भार?

इंग्रजी भाषेत दुःख सोसण्याला ‘सफरिंग’ असा शब्द आहे. आपल्या माळव्यात ‘सफर’ म्हणजे प्रवास. त्यामुळे शाळेत हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा आम्हां मुलांना हसूच आले होते. परंतु त्याचे मूळ पाहिले म्हणजे हसू मावळते. लॅटिन भाषेत ‘सब्’ म्हणजे खाली आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहणे. ओझ्याखाली उभे राहून ते वाहणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ होय. हा ‘फेर्रे’ आणि आपला संस्कृत ‘भृ’ धातू एकाच कुळातले. ज्या ‘भृ’पासून ‘भार’ झाला, त्याचाच आप्त त्या परक्या शब्दात दडलेला आहे.

आपण मात्र दुःखाला ‘भोग’ म्हणतो. भोग म्हणजे पूर्वकर्माचे फळ. ते ज्याचे त्यानेच भोगावयाचे, त्यात दुसऱ्याला वाटा नाही. भाराचे तसे नाही. भाराला दुसरा खांदा देता येतो.

हा भेद मला पुस्तकाने शिकविला नाही. मुलाच्या दुखण्याने खचलेल्या एक काकू एकदा दर्शनास आल्या होत्या. मी पोक्तपणाचा आव आणून म्हणालो, “काकू, भोग आहेत, भोगूनच सरायचे.” त्या काही न बोलता तीर्थ घेऊन निघून गेल्या. वडिलांनी गाभाऱ्यातून ते ऐकले होते. आपल्याकडे नैवेद्यालाही भोगच म्हणतात. ते एवढेच म्हणाले, “भोग देवापुढे ठेवावा, माणसापुढे ठेवू नये.” सायंकाळी ते स्वतः त्या मुलाच्या उशाशी जाऊन बसले.

मग कर्मसिद्धान्त खोटा काय? तसे मी म्हणणार नाही. स्वतःच्या दुःखाला भोग म्हटल्याने इतरांवरचा रोष निवळतो, मनाला धीर येतो. तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखाला लावला, म्हणजे मात्र आपल्याला स्वस्थ बसण्यास एक धार्मिक सबब मिळते.

देवासचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी तेथे आले. गाणे बंद झाले. काही वर्षे अंथरुणावर गेली. भानुमतीबाईंनी शुश्रूषेचा भार उचलला, औषधोपचार झाले, आणि त्या दुखण्यात कानी आलेली माळवी लोकगीते पुढे त्यांच्या गायनात उतरली. ‘भोग आहेत’ एवढे म्हणून सारे गप्प राहते, तर तो आवाज आपल्याला पुन्हा ऐकावयास मिळाला असता काय?

तेव्हा ‘भोग’ हा शब्द प्रत्येकाने आपल्यापुरता ठेवावा. शेजाऱ्याच्या दारी जाताना ‘भार’ हाच शब्द मनात असावा, आणि खांदा मोकळा असावा.