नाममुद्रा आणि निनावी चिठ्ठी

कविता लिहिण्याचे काम एकट्याचे असते. परंतु लिहून झालेली कविता दुसऱ्या कोणाला ऐकवल्यावाचून कवीला स्वस्थता लाभत नाही. या गरजेतूनच कविमंडळे जन्माला येतात. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे आपल्याकडील सर्वपरिचित उदाहरण. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे अशी भिन्न प्रकृतीची माणसे तेथे एकत्र येत आणि परस्परांच्या कविता ऐकत. मंडळ पुण्याचे असो वा तालुक्याच्या गावातले, एक वेळ अशी येतेच की नुसता स्नेह पुरत नाही. नियम करावे लागतात. प्रवेश कोणाला द्यावा, कोणी किती वेळ वाचावे, अभिप्राय कसा द्यावा? हे सारे प्रश्न व्यवस्थेचे वाटतात. त्यांपैकी शेवटचा प्रश्न मुळात नीतीचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण जमत असू. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापक असत आणि निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी होते. सर कविता वाचू लागले की माना डोलत. त्यांच्या वृत्तातील दोष सर्वांच्या लक्षात येत. बोलत कोणीच नसे. ही कोंडी फुटावी म्हणून आम्ही काही तरुणांनी एक नवा नियम सुचवला. कविता वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहावे. चिठ्ठ्या एका डब्यात टाकाव्यात आणि कार्यवाहांनी त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ठराव एकमताने संमत झाला. सरांनीही हसत मान्यता दिली.

पहिल्या दोन बैठका छान पार पडल्या. आपल्या कवितेतील यतिभंग सरांना प्रथमच कळला आणि त्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. तिसऱ्या बैठकीत सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंनी कविता वाचली. सर्वजण त्यांना ताई म्हणत. त्या क्वचितच वाचत. रात्री दगावलेल्या एका रुग्णाच्या अंगावरील वस्तूंची त्या कवितेत एकामागून एक नोंद होती; ना उपमा, ना यमक, ना शोकाचा उद्गार. चिठ्ठ्या वाचल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी एकीवर लिहिले होते, ‘ही कविता नव्हे, यादी आहे. यादी करण्यासाठी कवी लागत नाही.’ खोलीत हशा पिकला. ताईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. नंतरही कधी आल्या नाहीत.

ती चिठ्ठी मी लिहिली होती.

मत चुकीचे होते की बरोबर, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. तेच मत उभे राहून, ताईंच्या डोळ्यांत पाहून मी त्याच शब्दांत मांडले असते काय? खचित नाही. ‘कवी लागत नाही’ हे दुसरे वाक्य माझ्या लेखणीतून उतरले, ते त्याखाली सही करावयाची नव्हती म्हणूनच. नियम केला होता तो सत्य बोलण्याचे धैर्य यावे म्हणून. मला मात्र त्याने सत्यापलीकडे जाण्याची सवलत दिली.

आपल्या काव्यपरंपरेकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते. अभंगाच्या अखेरीस संतकवी आपले नाव गुंफतो. तुका म्हणे, चोखा म्हणे, जनी म्हणे. या नाममुद्रेला आपण बहुधा कर्तृत्वाची खूण मानतो. पण तिच्यात उत्तरदायित्वही आहे. जे बोललो ते मी बोललो आणि त्याचे जे काही व्हायचे ते माझ्या नावावर होवो, असे त्या दोन शब्दांत अभिप्रेत असते. काव्य करण्याचा अधिकारच नाकारला गेला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी तुकोबांविषयीची कथा परंपरा सांगते. त्या कथेत कवीचे नाव आहे, तसेच त्याला विरोध करणाऱ्या रामेश्वरभट्टांचेही आहे. विरोधकाला नाव होते म्हणूनच पुढे त्याला पश्चात्ताप करता आला आणि तुकोबांचा शिष्य म्हणून तो कथेत परतू शकला. निनावी माणसाला हा परतीचा मार्ग नसतो.

याहून बोलका दाखला शिखांच्या आदिग्रंथात सापडतो. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या या संकलनात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या रचनाही आहेत. रचना करणारे सर्व गुरू ‘नानक’ हीच मुद्रा वापरतात. म्हणून कोणती रचना कोणत्या गुरूंची हे कळावे यासाठी प्रत्येकीवर ‘महला’ शब्दासह क्रमांक दिला आहे. फरीदांच्या काही श्लोकांतील भाव गुरूंना एकांगी वाटला, तेव्हा त्यांनी मूळ श्लोकाला हात लावला नाही आणि तो वगळलाही नाही. त्याच्या शेजारी आपला श्लोक ठेवला आणि तो कोणत्या गुरूंचा हेही नोंदवले. मतभेद आहे, पण तो नावानिशी आहे; आणि ज्याच्याशी मतभेद आहे त्याचा शब्द अक्षत आहे. अभिप्राय देण्याची याहून नीतिमान रीत मला ठाऊक नाही.

याचा अर्थ टीका मवाळ असावी असा नव्हे. मीर तकी मीर यांनी १७५२ च्या सुमारास ‘निकातुश्शुअरा’ हा उर्दू कवींचा परिचयग्रंथ लिहिला. त्यातील काही शेरे जिव्हारी लागतील असे आहेत. परंतु ते मीरचे शेरे आहेत. वाचक कवीला जोखतो, तसा मीरलाही जोखतो. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची यथेच्छ थट्टा केली ती ‘केशवकुमार’ या नावाने. ते टोपणनाव असले तरी त्यामागचा माणूस लपलेला नव्हता. तीक्ष्णपणा आणि निनावीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक सबळ आक्षेप संभवतो. निनावीपणा हा दुबळ्यांचा आसरा नाही काय? जात्यावर बसून सासुरवासाची दुःखे ओवीत गुंफणाऱ्या स्त्रियांना नाव सांगावे लागले असते, तर कित्येक ओव्या ओठांबाहेर पडल्याच नसत्या. आमच्या मंडळातही सरांपुढे तोंड उघडू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या डब्याने वाचा दिली होती. स्पर्धेत परीक्षकांपासून कवीचे नाव दडवतात, तेही न्यायासाठीच. हा आक्षेप मला मान्य आहे. पण या उदाहरणांत आडोसा कोणाला मिळाला ते पाहिले पाहिजे. ओवी गाणारी स्त्री, बिचकणारा विद्यार्थी, स्पर्धक कवी, ही सारी माणसे सत्तेच्या खालच्या बाजूला उभी आहेत. बोलल्याची किंमत त्यांना मोजावी लागण्याचा धोका आहे. मी चिठ्ठी लिहिली तेव्हा मला कोणता धोका होता? ताई माझे काय करू शकणार होत्या? भयातून मुक्त होण्यासाठी केलेला नियम मी लाजेतून मुक्त होण्यासाठी वापरला.

नियम एकच होता, डबाही तोच होता. वरच्या दिशेने गेलेल्या चिठ्ठीने न्याय केला. खालच्या दिशेने गेलेल्या चिठ्ठीने अन्याय केला. म्हणून कविमंडळाच्या नियमावलीत निनावीपणा असावा की नसावा, असा सरसकट प्रश्नच चुकीचा आहे. ज्याला बोलल्यामुळे काही गमवावे लागेल त्याला आडोसा मिळावा. ज्याच्या बोलण्याने दुसऱ्याला काही गमवावे लागेल त्याने नाव द्यावे. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असतील, तेव्हा निर्णय कठीण होईल हे खरे. त्या कठीण क्षणी नियम आपल्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

काही वर्षांनी माझ्या वडिलांचे रुग्णालयात निधन झाले. पहाटे एका अपरिचित परिचारिकेने माझ्यापुढे एक कागद ठेवला. चष्मा एक, काच तडकलेली. मनगटी घड्याळ एक, चालू. सदरा एक. रुमाल दोन. मी तो कागद उभ्याउभ्या तीनदा वाचला. ताईंची कविता मला तेव्हा, त्या वऱ्हांड्यात, प्रथम ऐकू आली. यादीच्या तळाशी परिचारिकेने आपली सही केली होती. तिच्याखाली रेघ आखलेली होती; तेथे मी माझी केली.

ताईंचा ठावठिकाणा मला माहीत नाही. मंडळ केव्हाच बंद पडले. माझ्या चिठ्ठीवरील मत चुकीचे होते, हे मी आज नावानिशी कबूल करतो. त्याने त्यांची न लिहिली गेलेली कविता परत येणार नाही. पण निदान ती चिठ्ठी आता निनावी राहिलेली नाही.