शाश्वततेची अंगठी आणि महरचा हक्क

माझा भाचा कतारमध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याची मंगनी झाली, तेव्हा त्याने नवरीसाठी एका हिऱ्याची अंगठी पाठविली होती. आता निकाहची तारीख ठरली आहे. सुटीवर आल्यावर तो माझ्याकडे आला आणि मोबाइलवर चित्रे दाखवू लागला. मंगनीच्या अंगठीला लागूनच, त्याच बोटात घालावयाची आणखी एक अंगठी त्याला घ्यावयाची होती. ती अगदी बारीक होती व तिच्या सभोवती एकसारख्या आकाराचे लहान हिरे जडविलेले होते. दुकानदार तिला ‘इटर्निटी बँड’ म्हणतात. इटर्निटी म्हणजे अनंतकाळ, शाश्वतता.

“मामू, पूर्ण वर्तुळात हिरे असलेली घेऊ की अर्ध्या वर्तुळात?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

“पैशांचे काय?” मी विचारले.

“थोडे साठले आहेत. बाकीचे हप्त्यांनी देईन. थोडे व्याज लागेल.”

“आणि महर किती ठरला?”

तो घुटमळला. “ते वडीलधारे निकाहच्या वेळी ठरवतील. उधारच लिहितात ना सगळे?”

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. जी वस्तू देणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते, तिच्यासाठी तो व्याज भरावयास तयार होता. आणि जे देणे अल्लाहने बंधनकारक केले आहे, ते मात्र उधारीवर सोडून दिलेले होते. ही गोष्ट एकट्या माझ्या भाच्याची नाही. म्हणूनच वाचक बंधू-भगिनींसमोर हा विषय मांडीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साजशृंगार इस्लामला अमान्य नाही. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरविणारा कोण, असा प्रश्न पवित्र कुरआनने सूरह अल-आराफमध्ये केला आहे. सोने पुरुषांना वर्ज्य आहे, स्त्रियांना नाही. पतीने पत्नीला प्रेमाने अंगठी द्यावी, यात वावगे काहीच नाही. उलट भेटवस्तूंनी अंतःकरणे जवळ येतात. पण त्याच सूरहमध्ये, शोभेच्या उल्लेखालगतच, उधळपट्टी करणारे अल्लाहला आवडत नाहीत, असेही बजावले आहे. म्हणून प्रश्न अंगठीचा नाही. त्या अंगठीबरोबर आपण आणखी काय विकत घेतो, हा खरा प्रश्न आहे.

हिरा आणि शाश्वतता यांची जोडी काही प्राचीन श्रद्धेतून रूढ झालेली नाही. १९४७ साली अमेरिकेतील एका जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी डी बीअर्स या हिरे कंपनीसाठी एक घोषवाक्य लिहिले. हिरा हा कायमचा असतो, असा त्याचा आशय होता. त्या चार शब्दांनी हिरा म्हणजे अक्षय प्रेम, हे समीकरण जगभर रुजविले. पुढे लहान हिऱ्यांच्या या वर्तुळाकार अंगठीचाही असाच मोठा प्रचार झाला. मंगनीला एक अंगठी, निकाहला दुसरी, लग्नाच्या वाढदिवसाला तिसरी. आणि जो देणार नाही त्याच्या प्रेमाविषयीच शंका! भेटवस्तूची अशी परीक्षा झाली, की तिच्यातील प्रेम निघून जाते आणि धाक तेवढा उरतो.

आणि हिरा तरी खरोखर शाश्वत आहे काय? तो शुद्ध कार्बन आहे. कोळशाचाच सख्खा भाऊ. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला होता. पुरेशी उष्णता आणि प्राणवायू मिळाला, की हिऱ्याचा वायू होतो व मागे काहीही उरत नाही.

शाश्वततेचे आमिष मात्र फार जुने आहे. हजरत आदम (अलै.) यांना इब्लीसने कोणत्या शब्दांनी भुलविले, ते आठवून पाहा. अमरत्वाचे झाड आणि कधीही न सरणारे राज्य दाखवितो, असे तो म्हणाला होता. सूरह अल-हुमजहमध्ये संपत्ती गोळा करून ती मोजत बसणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. आपली संपत्ती आपल्याला चिरंजीव करील, असे त्याला वाटत असते. सूरह अर-रहमान सांगते की पृथ्वीवरील प्रत्येक वस्तू नाश पावणारी आहे आणि शेष राहणारे अस्तित्व केवळ अल्लाहचे आहे.

या संदर्भात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अंगठीची हकिकत मननीय आहे. ती चांदीची होती, तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ अशी अक्षरे कोरलेली होती व पत्रांवर मोहोर उमटविण्यासाठी ती वापरली जात असे. प्रेषितांनंतर ती हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या, नंतर हजरत उमर (रजि.) यांच्या आणि पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या हाती आली. एके दिवशी मदीनेतील अरीस नावाच्या विहिरीवर बसले असता ती त्यांच्या हातून विहिरीत पडली. विहिरीचे पाणी उपसले, तीन दिवस शोध घेतला; अंगठी सापडली नाही. या भूतलावर ज्या अंगठीहून अधिक मोलाची अंगठी दुसरी नव्हती, तीदेखील राहिली नाही. मात्र त्या अंगठीवरील शब्द आजही रोज पाच वेळा अजानमधून घुमत असतात.

निकाहचेही असेच आहे. सूरह अर-रूममध्ये पती-पत्नीच्या नात्याचा पाया सांगताना अल्लाहने दोन गोष्टींचा उल्लेख केला आहे : परस्पर प्रेम आणि दया. प्रेम कधी उतू जाते, कधी ओसरते. अशा वेळी दया संसार सावरून धरते. आजारपणातील सेवा, गिळलेला राग, पाळलेला शब्द यांच्यावर संसार टिकतो. आणि या सर्वांच्या आधी, पाळावयाचा पहिला शब्द म्हणजे महर.

सूरह अन-निसामध्ये स्त्रियांचा महर आनंदाने देण्याची आज्ञा आहे. त्यातील काही भाग तिने राजीखुशीने सोडला, तरच तो पतीला घेता येतो. तो सोन्याच्या राशीएवढा दिलेला असला, तरी परत मागता येत नाही, असेही तेथे फर्माविले आहे. दुसऱ्या बाजूला, हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्या हदीसमध्ये एका निर्धन माणसाची हकिकत आहे. प्रेषितांनी (स.) त्याला महरसाठी काहीतरी शोधून आण, लोखंडाची अंगठी असली तरी चालेल, असे सांगितले. त्याला तीही मिळाली नाही. तेव्हा त्याला मुखोद्गत असलेल्या कुरआनच्या आधारे त्याचा निकाह लावण्यात आला. म्हणजे महर मोठा असू शकतो, लहानही असू शकतो. तो थट्टेचा विषय मात्र असू शकत नाही. आपल्याकडे हिऱ्याची अंगठी मंडपात सर्वांना दाखविली जाते आणि महर कागदावर उधार पडून राहतो. अंगठी लोकांना दिसते, महर फक्त अल्लाहला आणि त्या स्त्रीला ठाऊक असतो. आपण कोणासाठी देतो, हे येथेच उघड होते.

भाच्याला मी काही व्यावहारिक गोष्टीही सांगितल्या. पूर्ण वर्तुळात हिरे असले, तर ती अंगठी पुढे सैल वा घट्ट करून घेणे फार कठीण होते. बाळंतपणात, वाढत्या वयात बोटे बदलतात. अर्ध्या वर्तुळाच्या अंगठीत खालची बाजू साध्या धातूची असल्यामुळे ही अडचण कमी होते. शेजारच्या अंगठीला हिरे घासून तिचा धातू झिजतो, हेही पाहावे. दोन घट्ट अंगठ्या एकाच बोटात असतील, तर वुजू करताना त्या हलवून खाली पाणी पोहोचविणे आवश्यक आहे. सोन्यावर हॉलमार्क पाहावा. प्रयोगशाळेत घडविलेला हिराही खऱ्याच कार्बनचा असतो व पुष्कळ स्वस्त पडतो. तो घ्यावयास हरकत नाही, फक्त तो खाणीतील म्हणून मिरवू नये. खाणीतील असेल, तर तो कोठून आला हे विचारावे. सिएरा लिओनच्या यादवी युद्धात हिऱ्यांच्या पैशांवर शस्त्रे विकत घेतली गेली. अशा हिऱ्यांना आळा घालण्यासाठी २००३ मध्ये किंबर्ले प्रक्रिया सुरू झाली. जकातीचेही भान ठेवावे. वापरातल्या दागिन्यातील सोने हनफी मतानुसार निसाबच्या हिशेबात धरले जाते, शाफई मतानुसार वापरातल्या वैध दागिन्यावर जकात नाही. कोकणातील आपली बहुतेक घरे शाफई आहेत, तरी नवरी हनफी घरातील असेल तर तिने आपल्या आलिमांना विचारावे. आणि व्याजाच्या हप्त्यावर तर काहीच घेऊ नये; ज्या व्यवहाराविरुद्ध अल्लाहने युद्धाची घोषणा केली आहे, त्याने नव्या संसाराची सुरुवात कशी करावी?

त्याने सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मामू, तिला काय हवे आहे, हे कोणी विचारले आहे का?”

मी निरुत्तर झालो. महर तिचा हक्क आहे असे मी तासभर सांगत होतो, पण तिला विचारावे हे माझ्याही मनात आले नव्हते. दोन्ही घरांतील स्त्रियांमार्फत विचारणा झाली. मुलीचे उत्तर सरळ होते : अंगठी आवडली आहे, पण अर्ध्या वर्तुळाची पुरे. ती महर म्हणून लिहावी, निकाहच्या दिवशीच हातात द्यावी आणि कर्ज न काढता जेवढी येईल तेवढीच आणावी. अशा रीतीने तीच वस्तू, जी दिखाव्याची होण्याच्या मार्गावर होती, तिचा हक्क बनली.

त्या रात्री मी कपाटातून माझा निकाहनामा काढला. १९९७ साल. महर पाच हजार एक रुपये, उधार. पहिल्याच रात्री मी पत्नीकडून तो ‘माफ’ करून घेतला होता; अनोळखी घरात आलेली नववधू त्या वेळी दुसरे काय म्हणणार होती? सकाळी मी हिशेब केला, त्या वर्षी तेवढ्या पैशात जेवढे सोने आले असते, तेवढ्या सोन्याची आजची किंमत एका पाकिटात घालून तिच्यासमोर ठेवली. “आता कशाला?” असे म्हणून ती हसली. मग तिने पैसे मोजले, दोनदा मोजले आणि आपल्या बटव्यात ठेवले.

अल्लाह आपल्या घरांत प्रेम व दया नांदवो, आणि इतरांचे हक्क आपल्या हयातीतच अदा करण्याची आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.