नाव आणि संख्या

दिल्लीस बदलून आलेला मराठी कारकून पहिल्याच रविवारी इंडिया गेट पाहावयास जातो, मीही गेलो. १९३१ साली पुऱ्या झालेल्या त्या कमानीवर १३,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. मान उंचावून मी त्यांत आमचे आडनाव शोधीत होतो. हा खटाटोप व्यर्थ होता, हे पुढे वाचनात आले. ती नावे हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत.

माझ्या पणजोबांचे धाकटे बंधू दरमहा ११ रुपये पगारावर मराठा पलटणीत गेले आणि मेसोपोटेमियात वारले. तिकडील मृतांचे स्मारक १९२९ साली बसऱ्यास उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या! साताऱ्याकडील आमच्या गावच्या चावडीतली संगमरवरी पाटीही तशीच : इतके गेले, इतके परतले नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या पक्षपाताबद्दल क्षमा मागितली. कचेरीत बेरजा जुळविणाऱ्या मला तो पक्षपात परका वाटला नाही, हे कबूल केले पाहिजे. तक्ता जुळला की आम्हांस माणूस आठवत नाही.

१९७२ साली या कमानीखाली पेटविलेली अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये जवळच्या राष्ट्रीय समर स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली, तेव्हा बराच वाद माजला. १९७१ च्या वीरांची नावे नव्या भिंतींवर आहेत, तेव्हा ज्योतही तेथेच असावी, हे म्हणणे मला सयुक्तिक वाटते. परंतु त्याच्या आडून कोणी असेही सुचवितो की, साम्राज्याचे युद्ध आपले नव्हते, सबब त्यातले मृतही आपले नव्हेत. येथे माझे पाऊल अडते. युद्ध पुकारणाऱ्याच्या हेतूचा जाब शिपायाच्या नावाला कसा विचारावा? तो स्वखुशीने गेला, असे कोणी म्हणेल. कोरडवाहू गावातल्या धाकट्या मुलाची स्वखुशी किती असते, हा हिशेब मी येथे मांडीत नाही.

सर्वपित्री अमावास्येस आई त्यांचे पान वाढते. यंदा मी दूरध्वनीवरून तिला त्यांचे नाव विचारले. तिला ते ठाऊक नाही. घरात त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणतात.