सहन कोणी करायचं?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या १४व्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळं इंद्रियांच्या विषयांशी होणाऱ्या संबंधातून येतं आणि निघूनही जातं, म्हणून ते सहन कर. या सहन करण्यालाच 'तितिक्षा' म्हणतात.

मनाली-लेह रस्ता ज्यांनी गाडीने केलाय, त्यांना हे पटकन पटेल. मनालीकडे देवदारांची गर्द हिरवाई. मग ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा. पलीकडे बाहेर पडलं की लाहौलचे उघडे डोंगर सुरू. पावसाचे ढग पीर पंजालच्या अलीकडेच बरेचसे रिते होतात. सह्याद्रीच्या पलीकडे आपलं माण-खटाव कोरडं राहतं ना, तसंच. काही मिनिटांत ओलं गेलं, कोरडं आलं. दिवसा ऊन भाजतं, रात्री हाडं गोठतात. येतं आणि जातं!

पण या श्लोकाचा एक चुकीचा वापरही होतो.

माझा मावसभाऊ आई-बाबा, बायको आणि लहान मुलीला घेऊन पुण्याहून याच वाटेने निघाला होता. कित्येक महिन्यांचं स्वप्न, लेहच्या हॉटेलचे पैसे आधीच भरलेले. जिस्पाला मुक्काम करून सकाळी बारालाचा खिंडीचा चढ सुरू झाला आणि काकांचं डोकं भयंकर दुखू लागलं. उलटी झाली. गाडीतून उतरले तर तोल जाईना सांभाळता. भाऊ म्हणाला, "बाबा, थोडं सहन करा." काकाही म्हणाले, "चल तू, माझ्यामुळे थांबू नकोस." मागून मावशी एवढंच बोलली, "गाडी वळव."

मित्रांनो, इथे तितिक्षा कोणी दाखवायची?

ती खिंड जवळपास ४,९०० मीटर उंच. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त. डोकेदुखीसोबत उलटी आणि तोल जाणं ही मन घट्ट करून घालवायची गोष्ट नव्हे. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. आणि खिंड ओलांडून पुढे सरचूला पोचलो तरी उंची ४,००० मीटरच्या वरच!

भगवंतांनी 'सहन कर' म्हटलं ते अर्जुनाला, कारण त्याचे हातपाय शोकाने गळाले होते. तेच भगवंत १७व्या अध्यायात शरीराला उगाच पिडणाऱ्या तपाला आसुरी म्हणतात. म्हणजे दोन्ही उपदेश एकाच मुखातले. कुठे कोणता लावायचा, हा विवेक आपला.

आणखी एक बघा. 'रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा कर' असं अर्जुनाने सांगितलं आणि भगवंतांनी तो उभा केला. अख्खी गीता थांबलेल्या रथात सांगितली गेली! आपल्या आराध्याने सारथी होऊन लगाम खेचला, तर ब्रेक दाबायला आपल्याला कसली लाज?

भावाने गाडी वळवली. केलाँगला उतरून काकांना ऑक्सिजन लावला, संध्याकाळी ते चहा मागू लागले. लेह राहिलं. बुडालेले पैसे, मुलीचं रडणं, मित्रांच्या फोटोंकडे बघून होणारी जळजळ, हे सगळं मात्र भावाने मुकाट्याने सोसलं. ही खरी तितिक्षा! आपली हौस मोडल्याचं दुःख आपण सोसायचं. दुसऱ्याच्या शरीराला 'सोस' म्हणण्याचा अधिकार श्लोक आपल्याला देत नाही.

घरी, ऑफिसात आपण दिवसातून किती वेळा कुणाला तरी "ॲडजस्ट कर ना" म्हणतो? आज एकदा, म्हणण्यापूर्वी थांबून बघू या: इथे सोसायची पाळी खरं तर माझी तर नाही ना?

हे पार्थसारथी, पुढे कधी जायचं आणि कधी वळायचं, एवढी बुद्धी दे.

जय हरी! उद्या भेटूच.