सायकलीमागचा हात

मुलाला सायकल शिकविण्याची जी रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या रूढ आहे, तिच्यात एक असत्य इतक्या सहजपणे मुरून गेले आहे की त्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटत नाही. मागून सीट धरून धावणारा बाप "मी धरलंय, तू पुढे बघ" असे म्हणत असतो आणि हे शब्द ओठांवर असतानाच हात काढून घेतो. मूल थोडे पुढे जाते, मागे वळून पाहते आणि बाप दूर उभा असलेला दिसताच बहुधा पडते. न पडल्यास सारे हसतात आणि ते असत्य पुण्यकारक ठरते. मला मात्र या प्रसंगात धर्मविचारातील एक गंभीर प्रश्न दिसतो. ज्याच्यावर विसंबावयाचे त्यानेच आधार काढून घेतला, तर विसंबणाऱ्याच्या श्रद्धेचे काय होते?

रामानुजाचार्यांच्या पश्चात श्रीवैष्णव संप्रदायात जे दोन पक्ष झाले, त्यांच्यातील एक प्रमुख वाद याच्याच जवळचा आहे. वेदान्तदेशिकांना मानणारा वडकलै पक्ष म्हणतो की माकडिणीचे पिल्लू जसे आईच्या पोटाला स्वतः बिलगून राहते, तसा जीवानेही काही यत्न केला पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेन्कलै पक्ष म्हणतो की मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, त्यात पिल्लाचे कर्तृत्व शून्य. मतभेद मोठा खरा, परंतु दोन्ही दृष्टांतांत स्पर्श सुटत नाही. आमच्या संतांनी याखेरीज कासवीचा दृष्टांत जवळ केला, जी पिल्लांना दुरून नुसत्या दृष्टीने पोसते असे मानीत. सायकल शिकणाऱ्या मुलाला अखेर या तिसऱ्या दृष्टांतात येऊन राहावे लागते, आणि तेथे त्याला कोणत्या वाटेने आणावयाचे यावर सर्व काही अवलंबून असते.

माझा नातू बाजूची छोटी चाके काढू देण्यास कित्येक महिने राजी नव्हता. तो सदोदित डावीकडे भार टाकून चालवी, म्हणून डाव्या चाकाची कडा झिजून तिरपी झाली होती. मी पाना घेऊन बसलो की तो येऊन नटावर तळहात ठेवी. पडण्याचे त्याला भय असावे अशी घरच्यांची समजूत होती. पण पेरूच्या झाडावरून पडून गुडघे फोडून घेतलेला आणि न रडलेला हा मुलगा. एके दिवशी त्याने स्वतःच विचारले, "आजोबा, तुम्ही सांगून सोडणार की न सांगता?"

या प्रश्नाची योग्यता कळण्यासाठी सायकल तोलते कशी हे पाहिले पाहिजे. ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवावे लागते, म्हणजे चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात; वेग जितका कमी तितके वळण अधिक. मायकेल पोलान्यी या तत्त्वचिंतकाने 1958 च्या आपल्या ग्रंथात हा नियम गणिती रूपात मांडून असे दाखविले की सायकलस्वाराला तो ठाऊक नसतो आणि ठाऊक झाल्याने सायकल चालविता येत नाही. छोटी चाके सायकलीला कलूच देत नाहीत, त्यामुळे कलण्याला उत्तर देण्याचा हा धडा त्यांच्या संगतीत कधी सुरूच होत नाही. म्हणजे जेथे आपली वाणी पोहोचत नाही अशा प्रदेशात आपण मुलाला एकटे जावयास सांगतो. त्याला खरोखर देता येण्यासारखा आपल्यापाशी एकच शब्द असतो, तो म्हणजे "धरलंय" किंवा "सोडतोय". आणि तोच खोटा द्यावयाचा, हे मला अधर्म्य वाटते. फळ चांगले निघाले म्हणून त्याचे परिमार्जन होत नाही.

आधी सांगितले तर मूल अंग आखडून घेईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तजवीज निराळी करावी लागते. 1817 मध्ये मॅनहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी जे दुचाकी वाहन चालवून दाखविले त्याला पायडलच नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटीत जाई आणि तोल सांभाळी. आम्हीही छोट्या चाकांबरोबर पायडल काढून टाकले आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली. मग आधार कधी सोडावयाचा याचा अधिकार त्याच्याच पायांकडे आला. पुढे पायडल पुन्हा बसविले तेव्हा मैदानावर फक्कीची रेघ ओढून मी सांगितले की येथे हात सोडीन, आणि सोडला. तो पलीकडे जाऊन कलंडला, उठला, आणि कपडे न झटकता थेट माझ्यासमोर येऊन म्हणाला, "तुम्ही रेघेच्या आधी सोडलंत."

नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, जाब विचारतात. ते भांडण श्रद्धेच्या ऱ्हासातून आलेले नसून दिलेल्या वचनाच्या आधारावर उभे आहे. हसत-हसत फसविल्या गेलेल्या मुलाला अशी फिर्याद गुदरता येत नाही, कारण त्याच्याशी करार असा कोणता झालेलाच नसतो. नातवाची तक्रार मी मोठ्या आदराने ऐकून घेतली, आणि तिची शहानिशा करण्यासाठी आम्ही दोघे रेघेपाशी परत गेलो.