पाहणारा आणि साक्षी
करी रोड स्थानकापासून नायगावचं पोलीस हुतात्मा मैदान फार लांब नाही. दरवर्षी २१ ऑक्टोबरला तिथे हुतात्मा पोलिसांना मानवंदना दिली जाते. तिचं मूळ लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला. १९५९ साली तिथल्या चीन सीमेवर पहारा पोलिसांचाच होता. चिनी गोळीबारात त्या दिवशी १० पोलीस मारले गेले.

मुंडक उपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. अलिप्त, साक्षी. टेहळणी चौकीचं कामही पाहण्याचंच. पण हॉट स्प्रिंग्जला परत न आलेल्या सोबत्यांना शोधायला अधिकारी करम सिंग तुकडी घेऊन निघाले, आणि अलिप्तपणा तिथेच संपला.

वेदान्ताच्या साक्षीला थंडी वाजत नाही, हे त्याचं सुख! शिपायाला पाहिलेलं कळवावं लागतं, त्यानुसार वागावंही लागतं. मग निखळ साक्षीभाव माणसाला पेलेल का? हॉट स्प्रिंग्जच्या घटनेनंतर ती सीमा लष्कराकडे गेली. १९६२ मध्ये भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभं राहिलं.